जालन्याची माती, काकिनाड्याचे बेट

जालन्याहून अरबी समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून लांब आहे. या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी एकाही तालुक्याने खारा वारा पाहिलेला नाही. तरीही अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांच्या दक्षिण शिवेवरून दर पावसाळ्यात जे गढूळ पाणी जाते, त्याचा एका समुद्री बेटाच्या जन्माशी थेट संबंध आहे. हे बेट आंध्र प्रदेशात काकिनाड्यासमोर, बंगालच्या उपसागरात आहे. नाव होप आयलंड. लांबी सुमारे १६ किलोमीटर, वय जेमतेम दोनशे वर्षे. त्यावर हॉटेल नाही, रस्ता नाही. कोळ्यांची छोटी वस्ती, वाळू, मर्यादवेल आणि मागे खारफुटी. कयाक नावाच्या अरुंद, वल्ह्याच्या होडीतून अशा बेटावर जाऊन तंबूत राहण्याचा छंद जगभर वाढतो आहे. गोदावरीच्या काठच्या माणसाने असा बेत आखायचा ठरवला, तर त्याला आधी ते बेट कसे घडले हे समजून घ्यावे लागते. वाऱ्याचा, भरतीचा, पाण्याचा आणि परवानगीचा प्रत्येक निर्णय त्या घडणीतूनच निघतो.

नदीने वाहून नेलेला मुलूख

गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. तिचे खोरे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरहून मोठे, म्हणजे देशाच्या जवळपास एक दशांश भूभागाचे आहे. पैठणच्या नाथसागराखाली ती जालना आणि बीड या जिल्ह्यांची सीमा होते. शहागडच्या पुलाखालून निघालेल्या पाण्याला समुद्र गाठायला अजून हजार किलोमीटरहून अधिक वाट कापायची असते. शहागडचे पाणी थेट गोदावरीचे. जालना शहरातली कुंडलिका मात्र दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. म्हणजे जिल्ह्यातला जवळपास प्रत्येक ओढा शेवटी काकिनाड्याच्याच दिशेने जातो.

या ओढ्यांतून जाते ती बेसाल्ट झिजून झालेली काळी माती. पूर ओसरल्यावर गोदाकाठच्या मळईत उभे राहिले की तिचा स्वभाव कळतो. वरचा थर गुळगुळीत, बोटांना चिकटणारा. चार दिवस ऊन लागले की त्याला षटकोनी भेगा पडतात आणि पापुद्रे कडा उचलून वर येतात. पाण्यात फुगणारे आणि उन्हात आक्रसणारे चिकणमातीचे हे कण इतके बारीक असतात, की वाहत्या पाण्यात ते खाली बसतच नाहीत. नदी त्यांना मराठवाड्यातून तेलंगणात आणि तिथून पापिकोंडलूच्या घळीतून थेट मुखापर्यंत नेते.

याला पुरावा आहे. २००६ साली गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून गाळाचा एक लांब उभा नमुना काढण्यात आला. त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गाळातल्या निओडायमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून कोणता थर कोणत्या खडकातून आला हे ओळखता येते. गेल्या काही हजार वर्षांत हवा कोरडी होत गेली, शेती पसरली आणि दख्खनच्या पठारावरून येणाऱ्या गाळाचा वाटा वाढत गेला, असे त्यात दिसले. मराठवाड्यातल्या नांगराची नोंद बंगालच्या उपसागराच्या तळाशी सापडते ती अशी.

पण बेट चिखलाचे नसते, वाळूचे असते. इथे नदीचे दोन प्रदेश वेगळे काम करतात. दख्खनचा बेसाल्ट मुख्यतः बारीक चिकणमाती देतो आणि थोडी काळी, जड वाळू. पूर्व घाटातले जुने खडक क्वार्ट्‌झ आणि गार्नेटची भरड वाळू देतात. होप आयलंडची पाठ मोठ्या प्रमाणात या दुसऱ्या वाळूची. तिच्या आडोशाला साचलेला खारफुटीचा काळा चिखल मात्र बराचसा आपल्याकडचा. जालन्याची माती शोधायची असेल तर बेटाच्या समुद्राकडच्या पुळणीवर न जाता मागच्या, खाडीकडच्या बाजूला पाय रोवायला हवा.

समुद्राच्या कडेचा बांध

धवळेश्वरमच्या खाली गोदावरी फुटते. गौतमी ही तिची पूर्वेकडची मोठी शाखा, यानमवरून समुद्राकडे जाणारी. तिच्या मुखाशी वाळू पडते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा किनाऱ्यावर तिरक्या आपटतात, लाटेबरोबर वाळूचा कण तिरका वर चढतो आणि सरळ खाली घरंगळतो. असे अब्जावधी कण प्रत्येक लाटेला थोडे थोडे उत्तरेकडे सरकतात. आंध्रच्या या किनाऱ्यावर वाळूची ही वारी उत्तरेकडेच चालते. गौतमीच्या मुखातून निघालेली वाळू काकिनाड्यापुढे वाकत गेली आणि तिचा एक लांब दांडा तयार झाला. हा दांडा कुठे जमिनीला जुळतो, कुठे लाटांनी तुटतो; त्याच्या उत्तर टोकाला गोदावरी पॉइंट म्हणतात.

किनाऱ्याला समांतर असलेले, मागे उथळ पाणी धरून ठेवणारे असे वाळूचे बेट शेताच्या बांधासारखे काम करते: समुद्राचा मार स्वतः खाते आणि आतली जमीन वाचवते. २०११ साली उपग्रहचित्रांवरून झालेल्या मोजणीत जगात अशी २,१४९ बेटे आढळली. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडाला ती आहेत. अमेरिकेतल्या टेक्सासचे पाद्रे आयलंड त्यांतले सर्वांत लांब, सुमारे १८० किलोमीटर. होप आयलंड त्या मानाने लहान, पण त्याच्या आडोशामुळेच काकिनाड्याच्या उपसागरात मोठी जहाजे नांगर टाकून शांतपणे उभी राहू शकतात.

आडोसा नसला तर काय होते, हे या किनाऱ्याने सोसलेले आहे. जवळचे कोरिंगा हे एके काळचे गजबजलेले बंदर. २५ नोव्हेंबर १८३९ च्या चक्रीवादळात समुद्राची प्रचंड भिंत त्याच्यावर आली. मृतांचा आकडा तीन लाख असा सांगितला जातो. बंदर पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. आज तिथे २३५ चौरस किलोमीटरचे कोरिंगा अभयारण्य आहे, तिवर आणि कांदळ यांचे घनदाट जंगल. त्यात पाणमांजरे आहेत, मासेमार मांजर आहे आणि वाळूचा तो दांडाही आहे.

बेत आखताना: महिना

जालन्याहून काकिनाड्याला जाणे सोपे आहे. शिर्डी ते काकिनाडा धावणारी एक्स्प्रेस जालन्यावरूनच जाते. अवघड असते ते महिना ठरवणे. जून ते सप्टेंबर गोदावरीला पूर असतो आणि समुद्र खवळलेला. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. एप्रिल-मेमध्ये उन्हाचा कहर, शिवाय मे महिन्यातही वादळे येतात. उरतात जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा सुरुवातीचा भाग.

नेमका हाच काळ ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा. रत्नागिरीतल्या वेळासमुळे मराठी वाचकाला हे कासव परके नाही. मादी रात्री पुळणीवर चढते, भरतीच्या रेषेच्या वर खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परतते. पिल्ले ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात आणि क्षितिजावर जिथे उजेड अधिक तिकडे धावतात. निसर्गात तो उजेड समुद्राचा असतो. तंबूतल्या पांढऱ्या दिव्याने पिल्ले उलटी जमिनीकडे वळतात. म्हणून समुद्राकडच्या पुळणीवर तंबू ठोकू नये, शेकोटी पेटवू नये आणि लागलाच तर मंद लाल दिवा वापरावा.

कागद

अभयारण्यात शिरण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे परवाना लागतो. ऑलिव्ह रिडले याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिला सर्वोच्च संरक्षण आहे. दिवसाची फेरी आणि रात्रीचा मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुक्कामाची लेखी परवानगी वनखात्याकडून हातात आल्याशिवाय बेत पक्का धरू नये. ती नाही मिळाली तर सकाळी जाऊन दुपारच्या आत परतण्याचा बेत करावा. बंदर प्रशासनालाही कळवावे, कारण नांगरलेल्या जहाजांपासून धक्क्यापर्यंत मालाच्या बार्जेस सतत ये-जा करतात आणि पाण्याच्या पातळीशी बसलेला कयाकवाला बार्जच्या सुकाणूवाल्याला दिसतच नाही.

भरती

कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब पश्चिम किनाऱ्याचा. काकिनाड्याला भरतीची घटिका वेगळी, म्हणून तिथे भारतीय सर्वेक्षण विभागाचा भरती-ओहोटीचा तक्ताच पाहावा. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि प्रत्येक दिवशी त्या सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त चढते-उतरते, अष्टमीच्या भांगात कमी.

हा तक्ता चुकला तर शिक्षा चिखलाची असते. बेटाची समुद्राकडची बाजू लाटांची. तिथे भरलेली कयाक आडवी होऊन उलटू शकते. खाडीकडची बाजू शांत, पण उथळ. ओहोटीला तिथे पाणी दूरवर हटते आणि मधे गुडघाभर चिखल उघडा पडतो, ज्यात ना होडी चालते ना माणूस. म्हणून उतरायचे ते खाडीकडून, उत्तर टोकाच्या आसपास, भरती पूर्ण व्हायच्या तासाभर आधी. शिवाय निघायचे पहाटे. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि उथळ उपसागरात आखूड, टोचऱ्या लाटा उठतात. सामानाने लादलेली कयाक ताशी चार-पाच किलोमीटरच चालते; समोरून वारा आला तर त्याहून कमी.

लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज हैदराबादची इनकॉइस ही संस्था देते, चक्रीवादळाचा इशारा हवामान खाते. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. लाइफ जॅकेट अंगावर बांधलेले हवे, होडीला अडकवलेले नको. उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडणे आणि पाण्यातूनच पुन्हा तिच्यावर चढणे, याचा सराव घरच्या गोड्या, उभ्या पाण्यात परवानगीने आधी करून घ्यावा. पोहता न येणाऱ्याने हा बेत करू नये.

पाणी

अशा बेटावर पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. नियम असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी, तिच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडे पाणी खाली असते. पण अरुंद दांड्यावर ही चकती पातळ असते. जास्त उपसली की खालून खारे पाणी वर येते. त्या पातळ चकतीवर कोळ्यांची वस्ती आणि मर्यादवेल जगतात. पाहुण्याने तिला हात लावू नये. माणशी दिवसाला चार लिटर धरले तर दोन रात्री-तीन दिवसांना १२ लिटर, वादळाने अडकलो तर म्हणून आणखी चार. हे सोळा किलो वजन कयाकच्या मध्यावर, बैठकीच्या मागे, तळाशी ठेवतात. टोकाला ठेवले तर होडी वळत नाही. तंबू, कपडे, चुलीचे इंधन पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत भरून दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत समतोल बसवतात. परतताना कचऱ्याची पिशवीही तिथेच येते, कारण बेटावर टाकलेले प्लास्टिक उचलायला कुणी येत नाही.

नकाशा जुना झालेला असतो

बेटाचा दहा वर्षांपूर्वीचा नकाशा घेऊन जाऊ नये. वाळूचा दांडा दरवर्षी बदलतो. तो टिकतो तो नवी वाळू आली तरच. २००४ मध्ये आंध्र विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले, की धवळेश्वरमपाशी गोदावरीत तरंगत येणारा गाळ १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी १५ कोटी टन होता, तो १९९० च्या दशकात ६ कोटी टनांच्याही आत आला. त्याच काळात त्रिभुज प्रदेशाचा किनारा अनेक ठिकाणी मागे हटला.

गाळ अडतो कुठे, हे जालन्याच्या माणसाला सांगायला नको. १९७६ साली पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले. त्याच्याखाली नदीत जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे बंधारे एकामागून एक उभे राहिले. पुढे विष्णुपुरी, बाभळी आणि तेलंगणात श्रीरामसागर. या पाण्यावर अंबड-घनसावंगीचा ऊस आणि मोसंबी उभी आहे, त्याबद्दल तक्रार कुणी करणार नाही. उघड्या पात्रात जी वाळू उरते तिचे लिलाव होतात, चोरून उपसाही होतो, आणि ती घरांच्या भिंतींत जाते.

गोदावरीच्या पाण्यासाठी राज्ये भांडली, १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि १९८० मध्ये त्याचा निवाडा आला. कोणी किती टीएमसी घ्यायचे हे त्यात ठरले. बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावेत, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. ही सगळी वाटणी पाण्याची. गाळाचा हिशेब कुणी मागितला नाही, कारण मागणारा पक्षकारच नव्हता. होप आयलंड हा त्या नदीवरचा शेवटचा हक्कदार आहे आणि त्याच्या वाट्याला काय येते, याचा बराचसा निर्णय हजार किलोमीटर वर, आपल्या शिवारातल्या दरवाजांवर आणि वाळूच्या ट्रकांवर होतो.