डोंगर किती उंच काढायचा?

आर नावाची संख्याशास्त्राची संगणकप्रणाली फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. तिला जमिनीच्या उंचीचे आकडे दिले की ‘पर्स्प’ ही एका ओळीची आज्ञा ती जमीन त्रिमितीत उभी करून दाखवते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यातला 10 किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा घेऊ. त्यातल्या सखल नाल्यात आणि उंच टेकडीत 200 मीटरचा फरक आहे असं धरू. पर्स्पला आणखी काही न सांगता चित्र काढायला लावलं, तर पडद्यावर थेट हिमालय उभा राहतो. कारण लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही मापं ती एका चौकोनी खोक्यात ताणून बसवते. टेकडी 50 पट फुगते. ‘स्केल’ हा पर्याय बंद केला की खरं प्रमाण येतं, पण मग जमीन पोळीसारखी सपाट दिसते आणि टेकडी शोधत बसावी लागते. या दोन टोकांच्या मध्ये कुठं थांबायचं, ते चित्र काढणारा ठरवतो.

उंची फुगवण्याचा मोह आरच्या कर्त्यांनाही आवरलेला नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990 नंतरच्या काही वर्षांत ही प्रणाली घडवली. ऑकलंड शहरातल्या माउंगा फाउ या विझलेल्या ज्वालामुखीच्या उंचीचे आकडे इहाका यांनी नकाशावरून उतरवून तिच्यातच ठेवले. 87 ओळी, 61 रकाने, दर 10 मीटरवर एक आकडा. पर्स्पच्या मदतपानावरच्या उदाहरणात चित्र काढण्यापूर्वी ही उंची सरळ दुप्पट केली आहे, आणि तसं तिथं लिहूनही ठेवलं आहे. हे आकडे अचूक मानू नयेत, अशी सूचनाही सोबत आहे. इतका प्रामाणिकपणा छापील अहवालांत क्वचितच सापडतो.

मुलचेऱ्याचे आकडे येतात कुठून? पूर्वी उंची मोजायला माणसाला तिथं जावं लागे. विल्यम लॅम्बटननं 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली मोजणी अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, वाहत उत्तरेकडे सरकत राहिली. 1823 च्या जानेवारीत तो विदर्भातच, हिंगणघाटला वारला. आज आपण वापरतो ते आकडे फेब्रुवारी 2000 मधले आहेत. एंडेव्हर या अंतराळयानानं 60 मीटर लांब दांडा बाहेर काढून, त्याच्या दोन टोकांच्या अँटेनांनी 11 दिवसांच्या मोहिमेत पृथ्वीचा बहुतेक भूभाग रडारनं मोजला. गंमत म्हणजे आरची 1.0.0 ही पहिली पक्की आवृत्ती त्याच महिन्याच्या 29 तारखेला निघाली.

या मोजणीतल्या एक अंश लांब-रुंद चौकटीत 3601 गुणिले 3601, म्हणजे जवळपास 1 कोटी 30 लाख आकडे. एवढी जाळी पर्स्पला दिली तर चित्राऐवजी काळा ठिपका मिळेल. म्हणून तुकडा कापायचा आणि दर पाचवा आकडा घ्यायचा. आणखी एक खाच आहे. या अक्षांशावर दोन आकड्यांमधलं अंतर उत्तर-दक्षिण सुमारे 31 मीटर, तर पूर्व-पश्चिम सुमारे 29 मीटर असतं. अंश आहेत तसेच अक्षांवर टाकले, तर तालुका आडवा ताणला जातो.

पण खरी मेख जंगलात आहे. हे रडार दाट पानांतून जमिनीपर्यंत पोचत नाही. झाडोऱ्यातच कुठंतरी अडून परततं. फेब्रुवारीत सागाची पानगळ सुरू असते, त्यामुळे ते थोडं खोल उतरलं असेल, तरी पडद्यावरचा पृष्ठभाग धड जमिनीचा नाही आणि धड शेंड्यांचाही नाही. जिथं जंगल संपून भाताची बांधी सुरू होते, तिथं चित्रात चक्क कडा दिसतो. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती या तालुक्यात आहेत. अशा गावांची शेतं चित्रात खोलगट वाटीसारखी दिसू शकतात. प्रत्यक्षात तिथं फक्त झाडं नाहीत. उलट शेतकऱ्याला ज्याच्याशी काम, तो बोडीचा, म्हणजे छोट्या तळ्याचा, बांध या चित्रात येतच नाही. उंची पूर्ण मीटरात नोंदलेली आणि मोहिमेनं मुळात मान्य केलेली चूक 16 मीटरपर्यंतची, मग हातभर बांधाची काय कथा!

आता पाहण्याच्या कोनाकडे येऊ. पर्स्पमधला ‘थीटा’ हा कोन बदलला की जमीन फिरते, ‘फाय’ हा कोन वाढवला की आपण वर चढून खाली पाहतो. पण अगदी डोक्यावरून पाहिलं नाही, तर कुठलं ना कुठलं गाव टेकडीमागे दडू शकतं. वर रस्त्याची रेघ काढायची तर ‘ट्रान्सथ्रीडी’ नावाची वेगळी आज्ञा आहे. ती त्रिमितीतला बिंदू कागदावर कुठं पडेल एवढंच सांगते. मध्ये डोंगर आहे का, हे विचारत नाही. त्यामुळे आष्टी–मुलचेरा रस्ता काढताना टेकडीपलीकडचा तुकडाही टेकडीच्या अंगावर ठसठशीत उमटतो, जणू घाट थेट माथ्यावरून गेलाय. तो तुकडा हातानं वगळावा लागतो. ‘आरजीएल’ हे जोडपॅकेज घेतलं तर माऊसनं चित्र गरगर फिरवता येतं आणि मागचं मागंच राहतं. पण छापील कागद फिरत नाही.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काही लावायचं असेल तर मी समोच्च रेषांचा साधा नकाशाच लावीन. त्यावर पट्टी ठेवून अंतर मोजता येतं, आणि कुठलंही गाव दडत नाही. त्रिमितीतलं चित्र खुशाल शेजारी असावं, खाली ठळक अक्षरांत ‘उंची 3 पट’ असं छापून.