पंधराव्या वर्षीचा प्रश्न

इथे शहागडला, गोदाकाठी बसून परदेशी दत्तक गेलेल्या मुलांविषयी कशाला बोलायचं, असं वाटेल. पण समजा, आपल्याच भागातलं, ओठ दुभंगलेलं एक मूल चौथ्या वर्षी परदेशी गेलं. तिथे ऑपरेशन झालं. आपल्या नियमांप्रमाणे दोन वर्षं त्याची पाहणी होते, मग थांबते. खरा प्रश्न येतो पंधराव्या वर्षी: ‘मला ओठामुळेच सोडलं का?’

हा प्रश्न सरळ येत नाही. चिडचिड, शाळेत भांडणं, दार लावून बसणं, असा येतो. मग कुणी मुलाला कृतघ्न म्हणतं, कुणी सगळं व्यंगावर ढकलतं. आम्हाला दोन्ही चूक वाटतं. ओठ शिवता येतो. भाषा आणि माणसं तुटल्याचं दुःख ऐकूनच घ्यावं लागतं.

२०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार १८ वर्षांनंतर त्याला स्वतः, त्याआधी पालकांसोबत, आपल्या मुळांचा शोध घेता येतो. तेव्हा उपयोगी पडते ती संस्थेतली फाइल. म्हणून तिथे काम करणाऱ्यांना एवढंच सांगणं: बाळाचा फोटो, हाक मारायचं नाव, सांभाळणाऱ्या मावशींची आठवण लिहून ठेवा. ‘का सोडलं’ हे कदाचित कळणार नाही. पण कुणीतरी मायेनं सांभाळलं होतं, हे तरी कळेल.