निरोप्याच्या हाती प्रेम

बॉब डिलन म्हटलं की युद्धविरोधी मोर्चे आठवतात, २०१६चं नोबेल आठवतं. मला तो सर्वांत मोठा वाटतो प्रेमगीतांत, आणि त्यातही जिथे प्रेमाचं माणूस समोर नसतं तिथे. मीलनाची गाणी त्याने लिहिली आहेत. ‘आय वॉन्ट यू’, ‘ले लेडी ले’ ही गोडच आहेत. पण त्याचा जीव रमतो तो दूर गेलेल्या माणसाला कोणाकरवी तरी निरोप धाडण्यात.

त्याची मैत्रीण सूझी रोटोलो १९६२च्या उन्हाळ्यात इटलीतल्या पेरूजाला शिकायला गेली आणि कितीतरी महिने परतली नाही. वर्षअखेरीस डिलन लंडनला पोहोचला. तिथे मार्टिन कार्थी या लोकगायकाकडून त्याने ‘स्कारबरो फेअर’ हे जुनं इंग्रजी गाणं उचललं, आणि त्याच्या आधाराने ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ रचलं. उत्तरेकडे निघालेल्या वाटसरूला तो विनवतो: तिला माझी आठवण सांग, आणि तिच्या अंगावर उबदार कोट आहे ना, तेही बघ. डिलन मिनेसोटातल्या हिबिंगसारख्या गारठलेल्या खाणगावात वाढला. त्यामुळे त्या कोटाची चौकशी मला कुठल्याही प्रेमोद्गारापेक्षा खरी वाटते.

जवळपास त्याच चालीवर १९६४च्या तबकडीत ‘बूट्स ऑफ स्पॅनिश लेदर’ आलं. माझं सर्वांत लाडकं गाणं हेच. नऊ कडवी. पहिल्या सहांत दोघांचा संवाद: समुद्रापार निघालेली व्यक्ती पुन्हापुन्हा विचारते, तुझ्यासाठी काय पाठवू? मागे राहणारी म्हणते, काही नको, तू तेवढी परत ये. सातव्या कडव्यात जहाजावरून पत्र येतं. परतायचं कधी ते ठरलेलं नाही. इथून पुढे एकच आवाज उरतो. दुरावा कळून चुकतो आणि शेवटी, इतका वेळ नाकारलेली भेटवस्तू मागितली जाते: स्पॅनिश चामड्याचे बूट. प्रेम संपल्याचं कोणी बोलत नाही. आता वस्तू चालेल, एवढ्यातच सगळं आलं. रडारड नाही, दोषारोप नाही. बाविशीच्या पोराला हा संयम कुठून सुचला, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

त्याच काळातलं ‘डोन्ट थिंक ट्वाइस, इट्स ऑल राइट’ लोक प्रेमगीत म्हणून गातात. हे प्रेमगीत नव्हे, माणूस स्वतःची समजूत घालण्यासाठी जे बोलतो ते हे, असा खुलासा डिलनने तेव्हाच केला होता. मला तो पटतो. त्यातला डंख मात्र कमी होत नाही, आणि ‘जस्ट लाइक अ वुमन’मध्ये तर बाईबद्दलची तुच्छता मला आजही खटकते.

१९६५मध्ये त्याने सारा लाउन्ड्सशी लग्न केलं. पुढच्या वर्षी ‘सॅड आइड लेडी ऑफ द लोलँड्स’ने ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ या जोडतबकडीची अख्खी चौथी बाजू व्यापली, अकरा मिनिटांहून जास्त. नॅशव्हिलच्या वादकांना गाणं कधी संपेल याचा अंदाजच नव्हता. प्रत्येक ध्रुपदाला ते शेवट समजून जोर लावत. त्या भाबड्या भरतीमुळेच गाणं तरतं. प्रतिमांच्या आराशीत बाई मात्र मला दिसत नाही.

संसार विस्कटू लागल्यावर, जानेवारी १९७५मध्ये ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ आली. सप्टेंबरात न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रण पूर्ण झालं होतं. डिसेंबरात मिनिआपोलिसला स्थानिक वादक घेऊन त्यातली पाच गाणी त्याने नव्याने गायली. ‘इफ यू सी हर, से हॅलो’ त्यांतलंच एक. इथे पुन्हा निरोप्या आला, पण आता तो तिचा नवा प्रियकरही असू शकतो. न्यूयॉर्कचं रूप १९९१मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली जखम उघडी आहे. मिनिआपोलिसला शब्द निवळले, मॅन्डोलिन आलं. १९७६च्या दौऱ्यात तेच शब्द कमालीचे कडवट झाले. ही तीन रूपं एकामागून एक ऐकावीत. एकच माणूस तीन मनःस्थितींत निरोप देतो आहे. त्याच तबकडीतलं ‘सिंपल ट्विस्ट ऑफ फेट’ ‘तो’ची गोष्ट सांगत राहतं आणि शेवटच्या कडव्यात एकदम ‘मी’वर येतं. आडोसा गळून पडतो.

पुढच्या दशकांतलं ‘मेक यू फील माय लव्ह’ (१९९७) अडेलमुळे घरोघरी पोहोचलं. माझ्या कानाला ते फार गुळगुळीत लागतं. त्यापेक्षा १९८९चं ‘मोस्ट ऑफ द टाइम’ ऐका. बहुतेक वेळ मी ठीक असतो, असं हा गृहस्थ इतक्यांदा बजावतो की उरलेला वेळ कसा जात असेल ते आपल्याला कळतं.

आणि २०२०मध्ये, ७९व्या वर्षी, ऑफेनबाखच्या प्रसिद्ध नौकागीताच्या सुरावटीवर त्याने ‘आय हॅव मेड अप माय माइंड टू गिव्ह मायसेल्फ टू यू’ गायलं. ते प्रेयसीला उद्देशून, श्रोत्यांना की ईश्वराला, यावर रसिकांचं एकमत नाही. मला ते प्रेयसीचंच वाटतं. इथे वाटसरू नाही, पत्र नाही. जे सांगायचं ते तो स्वतःच सांगतो.