प्रतिसरकारची माणसे आणि त्यांचे पुढचे काम

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी विसाव्या शतकात जी मोठी सार्वजनिक माणसे दिली, त्यांत क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी आणि जी. डी. बापू लाड यांची नावे कृष्णाकाठच्या गावागावांत आजही आदराने घेतली जातात. परंतु त्यांच्याविषयी जे सांगितले जाते ते बहुधा १९४२ ते १९४६ या चार वर्षांपाशी, म्हणजे अडवलेली आगगाडी, लुटलेला खजिना आणि खबऱ्यांना दिलेली शिक्षा यांपाशी, येऊन थांबते. ही साहसे खरी आहेत आणि ती सांगितली गेलीच पाहिजेत. तथापि प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिश सत्ता नाकारून लोकांनी स्वतः उभा केलेला समांतर राज्यकारभार, हा मुळात कारभाराचा प्रयोग होता. त्यामुळे या माणसांचा खरा वारसा गावच्या न्यायदानात, सहकारी संस्थांत आणि पाण्याच्या हक्काच्या चळवळीत शोधावा लागतो.

त्या काळी सांगली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. १९४९ मध्ये आसपासची संस्थाने विलीन झाल्यावर दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या अखंड सातारा जिल्ह्यात चळवळीची जमीन आधीच नांगरलेली होती. महात्मा फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा प्रचार शेतकरी घरांपर्यंत जलशांतून, म्हणजे गाणी आणि वगनाट्य यांच्या कार्यक्रमांतून, पोहोचला होता, सावकार आणि भटशाही यांविरुद्धचा असंतोष १९१९ नंतरच्या काळात उघडपणे व्यक्त झाला होता, आणि १९३० साली शिराळा भागातील बिळाशी या गावाने जंगल सत्याग्रहात सरकारशी थेट टक्कर घेतली होती. त्याच वर्षी येडेमच्छिंद्र या गावचे नाना रामचंद्र पाटील यांनी तलाठ्याची नोकरी सोडली. ३ ऑगस्ट १९०० रोजी जन्मलेल्या या माणसाचे वक्तृत्व पुस्तकी नव्हते. शेत, बैल, पीकपाणी आणि सावकाराची वही यांच्या भाषेत ते राज्यव्यवस्था समजावून सांगत, आणि म्हणूनच पुण्यामुंबईहून आलेल्या नेत्याला जे वर्षानुवर्षे जमले नसते ते त्यांना एका सभेत साधत असे.

प्रतिसरकार इथेच रुजण्यामागचे भूगोलाची आणि संस्थानी सरहद्दींची मदत हे दुसरे कारण इतिहासकारांइतके सामान्य वाचकांच्या ध्यानात येत नाही. प्रतिसरकारचे केंद्र बनलेले कुंडल हे गाव औंध संस्थानात होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली होती आणि तिच्या मसुद्यामागे गांधीजींचा सल्ला होता. एका गावात ब्रिटिश पोलिसांचा अंमल आणि शेजारच्या गावात संस्थानाचा, अशी ही सरमिसळ भूमिगतांच्या, म्हणजे लपून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या, पथ्यावर पडली. शिवाय पंचायतीने कारभार कसा चालतो हे औंधच्या गावांनी नुकतेच अनुभवलेले होते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'ची हाक आली तेव्हा प्रथम मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा फडकला, पण ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे पोलिसांनी गोळीबार केला. वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार, तर इस्लामपूरला उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे हुतात्मा झाले. निःशस्त्र मोर्चा गोळीपुढे टिकत नाही हे रक्त सांडून कळल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ मध्ये प्रतिसरकार आकाराला आले. सुमारे दीडशे गावांत त्याचा अंमल होता असे मानले जाते. कुंडलला तुफान सेना नावाचे दल उभे राहिले. त्याची सूत्रे जी. डी. बापूंकडे होती, तर रामचंद्र श्रीपती लाड हे 'कॅप्टन भाऊ' म्हणून त्याच दलात प्रसिद्धीस आले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पगाराची रक्कम घेऊन जाणारी गाडी अडवण्यात आली आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडील चिमठाणे येथे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना ताब्यात घेण्यात आला.

पैसा आणि शस्त्रे हे साधन होते. ज्यासाठी ते मिळवले ते काम गावात चालले होते. गावोगावी न्यायदान मंडळे, म्हणजे गावातील पंचांनी तंटे ऐकून निवाडा देण्याची मंडळे, स्थापन झाली. बांधाचे वाद, सावकाराकडे अडकलेली जमीन, सासरी छळली जाणारी सून, दारूच्या भट्ट्या अशी प्रकरणे त्यांच्यापुढे येत आणि वकील, मुद्रांक किंवा तारखा यांवाचून निकाली निघत. वाचनालये उघडली गेली. लग्नासाठी शेत गहाण टाकणाऱ्या कुणब्याला कर्जातून सोडवावे म्हणून 'गांधी विवाह' लावले जात, ज्यांत हुंडा, मानपान आणि वाजंत्रीचा खर्च टाळून सर्वांसमक्ष हार घातले जात. वरवर किरकोळ वाटणारी ही सुधारणा सावकारीच्या मुळावरच घाव घालणारी होती, कारण लग्नकार्याचा खर्च हेही कर्जाचे एक कारण होते.

शिक्षेची बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. गुंड, दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांना तळपायांवर जबर मार दिला जाई. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात त्यावरून लोकांनी या शिक्षेला आणि पुढे साऱ्या कारभारालाच 'पत्री सरकार' म्हटले. ज्या समाजात पोलीस ठाणे हे लुटारूंचे आश्रयस्थान झाले होते, तिथे या धाकाने शांतता आणली हे खरे. परंतु गुप्तपणे चालणाऱ्या सत्तेच्या हाती शिक्षा असली की अन्यायाची दाद मागायला जागा उरत नाही, हेही तितकेच खरे. या प्रयोगाचे श्रेष्ठत्व त्याच्या निवाड्यांत आहे, मारात नाही, आणि लोकांच्या तोंडी मात्र माराचेच नाव राहिले याची खंत वाटते.

१९४६ मध्ये भूमिगत असलेले नाना पाटील प्रकट झाले. मधल्या काळात सरकारने त्यांचे घर आणि शेत जप्त केले होते. स्वातंत्र्य आल्यानंतर या साऱ्या मंडळींच्या वाटा फुटल्या: प्रतिसरकारचे आणखी एक नेते किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले, तर नाना पाटील, नागनाथअण्णा आणि जी. डी. बापू शेतकरी कामगार पक्षाकडे वळले. नाना पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५७ मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले, त्याच निवडणुकीत बेचाळीसच्या चळवळीत घडलेले यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमध्ये थोडक्या मतांनी वाचले, आणि १९६७ मध्ये नाना थेट बीडमधून विजयी झाले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले आणि वाळव्याला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांनी आपल्यामागे ना साखर कारखाना ठेवला ना शिक्षणसंस्था, आणि महाराष्ट्राच्या राजकारणात स्मृती टिकवण्याची जी साधने रूढ झाली त्यांपैकी जवळजवळ एकही त्यांच्या वाट्याला आले नाही.

संस्था उभारण्याचे काम साथीदारांनी केले. १५ जुलै १९२२ रोजी वाळव्यात जन्मलेल्या नागनाथअण्णांचे निकटचे सोबती किसन अहिर हे २५ फेब्रुवारी १९४५ रोजी मणदूर-सोनवडे परिसरातील चकमकीत साथीदार नानकसिंग यांच्यासह धारातीर्थी पडले होते. पुढे अण्णांनी वाळव्याला विद्यालय काढले, वसतिगृह चालवले आणि सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा विद्यालयाला आणि कारखान्याला हुतात्मा किसन अहिर यांचेच नाव दिले. सहकारी कारखाना म्हणजे ऊस उत्पादकांनीच भाग घेऊन मालकी धरलेला कारखाना. महाराष्ट्रात असे अनेक झाले, त्यांतील कित्येक घराण्यांच्या हाती गेले, पण वाळव्याच्या कारखान्याने उसाला चांगला दर देण्याचा लौकिक मिळवला. साताऱ्याकडे भुईंजचा कारखाना किसन वीरांच्या, तर कुंडलचा कारखाना जी. डी. बापूंच्या नावाने ओळखला जातो. बापू १४ नोव्हेंबर २०११ रोजी गेले आणि २००९ मध्ये पद्मभूषण मिळालेले अण्णा २२ मार्च २०१२ रोजी.

या इतिहासातील स्त्रियांची नोंद फार उशिरा झाली. नाना पाटलांची मुलगी हौसाताई हिने भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवऱ्याच्या मारहाणीचे सोंग वठवले, भांडण सोडवायला शिपाई बाहेर धावले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतील बंदुका उचलल्या; या सोंगात मार मात्र खरा होता. त्या २०२१ पर्यंत हयात होत्या, आणि ही हकीकत मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचली ती पत्रकार पी. साईनाथ यांनी वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्यामुळे. कासेगावच्या इंदुताई पाटणकर किशोरवयातच घर सोडून चळवळीत आल्या आणि त्यांनी शस्त्रे पोहोचवण्याची जोखीम पत्करली. त्यांचे पती बाबूजी पाटणकर यांचा १९५२ मध्ये खून झाला. पुढील आयुष्यात त्यांनी परित्यक्तांची, म्हणजे नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांची, चळवळ उभारली आणि या स्त्रियांना स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड मिळावे यासाठी लढा दिला. सासरी छळलेल्या सुनेचे गाऱ्हाणे ऐकणाऱ्या न्यायदान मंडळाशी या कामाचे नाते उघड आहे.

इंदुताईंचे पुत्र डॉ. भारत पाटणकर यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीने १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतील वाळू ठेकेदारांना उपसू न देता गावकऱ्यांनी स्वतः विकून त्यातून पैसा उभा केला, आणि धरणाचे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबागणिक देण्याचे, भूमिहीनांनाही त्यात वाटा ठेवण्याचे ठरवले. हेच तत्त्व घेऊन १९९३ मध्ये आटपाडीला पाणी संघर्ष चळवळीची परिषद भरली आणि वयाची सत्तरी ओलांडलेले नागनाथअण्णा तिच्या अग्रभागी राहिले. धरणासाठी उठवलेल्या गावांचे पुनर्वसन आणि दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी, या दोन मागण्या एकमेकींविरुद्ध न लढवता एकत्र मांडणे हे या चळवळीचे शहाणपण होते, कारण ज्यांची घरे बुडाली आणि ज्यांची विहीर आटली ते दोघेही एकाच खोऱ्यातील होते.

समन्यायी पाणीवाटप असे या तत्त्वाला म्हणतात. नेहमीच्या कालव्यात ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त मिळते आणि ते ऊस पितो. समन्यायी पद्धतीत प्रत्येक कुटुंबाला उपजीविकेपुरत्या पाण्याचा हक्क आधी मिळतो आणि उरलेल्याचा विचार नंतर होतो. कऱ्हाडजवळच्या टेंभू येथे कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे नेणारी उपसा योजना या आंदोलनांच्या रेट्यामुळे पुढे सरकली, आणि आटपाडी तालुक्यात उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नळांतून पाणी शेतापर्यंत नेण्याची पद्धतही अवलंबली गेली. पाणी पोहोचले म्हणजे समान वाटप झाले असे मात्र नाही: पाणी येताच दुष्काळी रानातही ऊस उभा राहतो, पंपांच्या विजेचे बिल कोणी भरायचे हा वाद दरवर्षी निघतो, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याच्या वाट्याचे पाणी कागदावर कोणाच्या नावे लिहायचे, हा बळीराजा धरणावर सोडवलेला प्रश्न मोठ्या सरकारी योजनेत अजून सुटायचा आहे.