राज्याची मुभा, केंद्राची मनाई

अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहावयास गेलेल्या आईवडिलांना गांजाच्या रंगीत, गोड गोळ्या दुकानात उघडपणे विकल्या जाताना पाहून नवल वाटते. निद्रानाशाने वा गुडघेदुखीने बेजार झालेल्या ज्येष्ठांना एखादा स्नेही सुचवतोही, ‘इथे कायदेशीर आहे, घेऊन पाहा.’ हे विधान अर्धेच खरे आहे.

१९९६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी गांजाच्या औषधी वापरास कौल दिला. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये पुढचे पाऊल टाकून एकवीस वर्षांवरील प्रौढांना तो करमणुकीसाठीही खुला केला. २०२३ अखेर अशी राज्ये २४ झाली. शेजारच्या राज्यात मात्र नियम पार उलटा असू शकतो. आयडाहोमध्ये दोन्ही प्रकारांना बंदी आहे. औषधी वापरासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि राज्याचे ओळखपत्र लागते, व ते बहुतेक ठिकाणी तेथील रहिवाशांनाच मिळते.

खरी मेख पुढेच आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा नियंत्रित पदार्थ ठरवला, आणि राज्याच्या परवानगीने तो कायदा रद्द होत नाही. दोन्ही राज्यांत मुभा असली, तरी एकातून दुसऱ्यात गांजा नेणे हा केंद्रीय गुन्हा ठरतो. व्हिसा आणि ग्रीन कार्ड हाही केंद्राचाच विषय. गांजा बाळगल्याची वा सेवनाची साधी कबुलीही परदेशी नागरिकाचा पुढील प्रवेश अडवू शकते. पर्यटक व्हिसावर गेलेल्या आजी-आजोबांनी म्हणूनच या वाटेला न जाणे श्रेयस्कर, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परतताना उरलेली डबी सामानात ठेवणे तर त्याहून घातक. भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. परदेशातील दुकानाची पावती येथे बचाव ठरत नाही.

प्रकृतीचा प्रश्न निराळाच. खाण्याच्या गोळीचा अंमल चढण्यास तास-दोन तास लागतात. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरी गोळी घेतली जाते, आणि मग भोवळ येऊन तोल जातो. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अशी गोळी कुणी घेतलीच असेल, तर तपासणीच्या वेळी काळजीवाहकाने ती गोष्ट संकोच न बाळगता डॉक्टरांच्या कानावर घालावी.