कवितेच्या पाठात विडंबनाचे स्थान

विडंबन म्हणजे कवितेची टवाळी नव्हे. मूळ रचनेचा घाट कायम राखून त्यात एखादा क्षुल्लक विषय बसविला, की विसंगतीतून हसू निर्माण होते. 'केशवकुमार' या नावाने विडंबने लिहून १९२५ साली 'झेंडूची फुले' हा संग्रह देणारे प्र. के. अत्रे स्वतः शिक्षक होते, हे येथे लक्षात घ्यावे.

मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलास मराठी ही नव्याने शिकावयाची भाषा असते. केवळ अर्थ सांगितल्याने तिची लय त्याच्या कानी बसत नाही. याकरिता प्रथम मूळ कविता चालीवर पुष्कळदा म्हणवून घ्यावी. ती आवडू लागल्यावर 'चंद्रमा' या शब्दाच्या जागी 'भाकरी' घालून पाहण्यास सांगावे. दोन्ही शब्द पाच मात्रांचे असल्याने चाल मोडत नाही. 'पाटी' चार मात्रांची, ती घालताच अडखळते. असे हसतखेळत मूल मात्रा मोजू लागते व नवे शब्द शोधते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. हसू विषयाचे असावे, मुलाच्या उच्चाराचे कदापि नसावे. बोलीवरून एकदा हसे झालेले मूल वर्गात पुन्हा सहजी तोंड उघडत नाही.