कोइयार्वीचा बांध

फिनिश भाषेत ‘यार्वी’ म्हणजे तळे. लहानमोठी मिळून पावणेदोन लाखांहून अधिक तळी असलेल्या फिनलंडमध्ये एका उथळ, लव्हाळ्यांनी भरलेल्या तळ्यावरून भांडण पेटले आणि त्या भांडणातून पुढे हरित पक्ष हा राजकीय पक्ष उभा राहिला.

हे तळे म्हणजे फोर्साजवळचे कोइयार्वी. काठच्या शेतकऱ्यांना पुराचा जाच नको होता, म्हणून चर खणून तळ्याचे पाणी काढून द्यायचे ठरले होते. पण पाणपक्ष्यांच्या विणीची ती मोठी जागा होती. १९७९ च्या वसंतात पक्षिप्रेमी आणि विद्यार्थी तिथे जमले आणि पाणी अडवायला त्यांनी स्वतःच्या हातांनी बांध घातला. पोलिसांनी त्यांना उठवले, तर ही मंडळी परतून आली आणि खोदकामाच्या यंत्राला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले. खटले चालले, दंड झाले. पण फिनलंडमध्ये पर्यावरणासाठी कायदा मोडून सत्याग्रह करता येतो, हे साऱ्या देशाने पाहिले.

त्या चित्रातली एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. बांध घालणाऱ्या बहुतेकांची शेते तिथे नव्हती. ज्यांची होती, ते पलीकडे उभे होते.

पक्ष व्हावे की नको?

मार्च १९८३ च्या निवडणुकीत या चळवळीतले दोघे २०० जणांच्या संसदेत पोहोचले. एक कोइयार्वीच्या आंदोलनातले विल्ले कोम्सी आणि दुसरे कल्ले क्योन्क्योला. क्योन्क्योला चाकाच्या खुर्चीवर असत आणि श्वासासाठी त्यांना यंत्राची मदत लागे. अपंगांचे हक्क ही दयेची बाब नाही, नागरिकत्वाची आहे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. म्हणूनच या पक्षाला केवळ ‘झाडापानांचा पक्ष’ म्हणणे चूक ठरेल. निसर्ग, अपंग, स्त्रिया, अल्पसंख्य या सगळ्यांचे प्रश्न त्याने पहिल्या दिवसापासून एकाच धाग्यात ओवले.

पक्ष काढावा की चळवळच राहावे, यावर बराच वाद झाला. मासेमारी करून जगणारे विचारवंत पेन्ती लिंकोला यांची वाट तर वेगळीच होती. निसर्ग वाचवायचा तर लोकशाहीला मुरड घालावी लागेल आणि लोकसंख्या सक्तीने घटवावी लागेल, असे ते म्हणत. हरित मंडळींनी ती वाट नाकारली. या पक्षाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निर्णय आहे, असे मला वाटते. पृथ्वी वाचवायची ती माणसाला बरोबर घेऊन आणि मतपेटीतूनच, हे तेव्हा ठरले. २८ फेब्रुवारी १९८७ रोजी ‘विहरेआ लीत्तो’, म्हणजे हरित संघ, स्थापन झाला आणि १९८८ मध्ये त्याची पक्ष म्हणून नोंदणी झाली.

दोनदा सोडलेली सत्ता

१९९१ मध्ये १० जागा मिळाल्या. १९९५ मध्ये पावो लिप्पोनेन यांच्या पाच पक्षांच्या ‘इंद्रधनुषी’ सरकारात पेक्का हाविस्तो पर्यावरणमंत्री झाले. देशाच्या मंत्रिमंडळात भागीदार झालेला पश्चिम युरोपातला हा पहिला हरित पक्ष मानला जातो. याच पक्षाचे ओस्मो सोइनिनवारा प्रत्येक नागरिकाला ‘मूलभूत उत्पन्न’ द्यावे, ही कल्पना वर्षानुवर्षे मांडत होते. २०१७-१८ मध्ये फिनलंडने तिचा प्रयोग केला. २००० बेरोजगारांना महिना ५६० युरो बिनशर्त देण्यात आले. तेव्हा सरकार दुसऱ्यांचे होते, पण कल्पना रुजवण्यात या पक्षाचा वाटा मोठा.

सत्तेत बसल्यावर कसोटी लागली ती अणुऊर्जेची. २४ मे २००२ रोजी संसदेने देशातल्या पाचव्या अणुभट्टीला १०७ विरुद्ध ९२ मतांनी मान्यता दिली आणि हरित पक्ष सरकारबाहेर पडला. पुन्हा सरकारात असताना २०१४ मध्येही तेच घडले. रशियाच्या ‘रोसाटॉम’ कंपनीच्या सहभागाने हान्हिकिवी इथे अणुभट्टी उभारायला सरकार पुढे सरसावले, तेव्हा पर्यावरणमंत्री विल्ले नीनिस्तो आणि त्यांचा पक्ष सत्ता सोडून निघाले. ऊर्जेची नाडी रशियाच्या हाती देऊ नका, असे ते बजावत होते.

२०१९ मध्ये २० जागा मिळाल्या. पक्षाचा सहभाग असलेल्या नव्या सरकारने २०३५ पर्यंत देश कार्बन-तटस्थ करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले आणि २०२२ मध्ये ते कायद्यात आले.

मे २०२२

मग आला मे २०२२. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता. मेच्या सुरुवातीलाच हान्हिकिवीचा रशियाशी असलेला करार रद्द झाला आणि आठ वर्षांपूर्वीचा इशारा खरा ठरला. १७ मे रोजी परराष्ट्रमंत्री हाविस्तो यांनी नाटो सदस्यत्वाच्या अर्जावर सही केली. शांततावादी चळवळींच्या मुशीतून आलेल्या पक्षाच्या नेत्याची ती सही होती. त्यानंतर काही दिवसांतच योएन्सू शहरात पक्षाचे अधिवेशन भरले आणि अणुऊर्जा ही शाश्वत ऊर्जा आहे, असे पक्षाने ठरावाने मान्य केले. २००२ च्या मतदानाला तेव्हा बरोबर वीस वर्षे होत होती.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. ‘वीते’ ही पक्षातलीच विज्ञान-तंत्रज्ञानवादी फळी वर्षानुवर्षे आकडे मांडत होती. हवामानबदलाचा धोका किरणोत्सर्गाच्या धोक्याहून निकडीचा आहे, हे तिचे म्हणणे. शिवाय ओल्किलुओतो इथे ४०० मीटरहून खोल खडकात आण्विक कचरा कायमचा पुरण्याची ‘ओन्कालो’ ही जागा आकाराला येत होती.

ज्या भट्टीपायी २००२ मध्ये सत्ता सोडली, ती ओल्किलुओतो-३. तिचे बांधकाम २००५ मध्ये सुरू झाले. २००९ मध्ये ती चालू व्हायची होती, पण नियमित वीजनिर्मिती सुरू झाली ती एप्रिल २०२३ मध्ये. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत, त्याही याच फ्रेंच ‘ईपीआर’ बनावटीच्या. म्हणून ही कहाणी त्या प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबन गावातल्या माणसालाही परकी नाही. आणखी एक गोष्ट कोकणाने ध्यानात ठेवावी अशी. फिनलंडच्या कायद्यानुसार अणुप्रकल्पाला जागा देणाऱ्या गावाच्या नगरपालिकेने नकार दिला, तर प्रकल्प तिथे होऊ शकत नाही.

पलीकडचा काठ

२०२३ मध्ये पक्ष २० जागांवरून १३ वर आला. बऱ्याच समर्थकांनी उजव्यांना रोखण्यासाठी सोशल डेमोक्रॅट पक्षाला मते दिली, हे त्याचे एक कारण. पण मूळ दुखणे जुने आहे. पक्षाची ताकद हेलसिंकीत आणि विद्यापीठांच्या शहरांत. जंगलाचे मालक, शेतकरी, दलदलीतून पीट ही जळणमाती काढून जगणारे लोक आजही त्याच्याकडे संशयाने पाहतात. २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत हाविस्तो ४८.४ टक्क्यांपर्यंत पोहोचले, पण ती माणसाची लोकप्रियता होती, पक्षाची नव्हे. कोइयार्वीच्या पलीकडच्या काठावरचा शेतकरी अजून अलीकडे आलेला नाही.

तरीही या पक्षाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पटले नाही तेव्हा त्याने खुर्ची सोडली. पुरावा बदलला तेव्हा भर अधिवेशनात भूमिका बदलली आणि तसे उघड सांगितले. आपल्याकडे नद्या, डोंगर, कातळसडे वाचवण्यासाठी झटणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही गुण उचलावेत. आणि जिथे हा पक्ष कमी पडला, त्यातूनही शिकावे. बांध घालण्याआधी ज्याच्या शेतात पाणी शिरणार आहे, त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे.